चांगलं वागायला परदेशात जावं लागतं का?

पत्र थोडक्यात असं आहे. ३४ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. त्या एका कंपनीत क्वालिटीच्या कामात आहेत. दोन वर्षांपूर्वी एका रिपोर्टमधले आकडे वरच्या साहेबांनी बदलले, ते यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पण गडबड बाहेर आली तेव्हा खापर फुटलं शेजारच्या टेबलावरच्या मुलीवर. मीटिंगमध्ये साहेबांनीच विचारलं, कुणाला काही बोलायचंय का, आणि या खाली मान घालून बसून राहिल्या. महिन्याभरात ती मुलगी राजीनामा देऊन गेली. तेव्हापासून यांना नीट झोप नाही. त्यातूनच वाचन सुरू झालं, आधी यूट्यूबवरची लेक्चर्स, मग प्लेटो, मग अर्धा ॲरिस्टॉटल. आता इटलीतला १४ आठवड्यांचा एक कोर्स सापडलाय, नीतिशास्त्राचा, म्हणजे जुने ग्रंथ वाचायचे, त्याच विषयांवरची चित्रं आणि इमारती प्रत्यक्ष जाऊन बघायच्या, शेवटचे दोन आठवडे ग्रीसमध्ये. घरासाठी साठवलेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्यात जाईल. भाऊ म्हणतो, "चांगलं वागायला परदेशात जावं लागतं का?" त्या विचारतात, जाऊ का? फिलॉसॉफी कधी शिकले नाही, ग्रीक-लॅटिन येत नाही, झेपेल का? आणि मी पैसे देऊन मनाचं समाधान विकत घेतेय असं तर नाही ना?

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की कोर्सबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय आणि त्या मुलीबद्दल फक्त सहा ओळी, पण त्या सहा ओळींत ती कुठल्या खुर्चीत बसली होती, तिने पेनचं टोपण किती वेळा उघडलं आणि लावलं, हे सगळं आहे. कोर्सच्या दीड पानात इतकं बारीक काहीच नाही. म्हणून मी आधी तिच्याबद्दल बोलते, कोर्सवर मग येते.

तुम्ही ॲरिस्टॉटल अर्धा वाचलाय म्हणता, म्हणजे 'निकोमाखियन एथिक्स'च्या दहा भागांतला दुसरा भाग तुमच्या नजरेखालून गेलेला असणार. तिथे तो म्हणतो की घरं बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, आणि तसंच न्यायाने वागून वागून न्यायी होतो, धीराची कामं करून करून धीट होतो. थोडं पुढे त्याने एक फार साधी गोष्ट सांगितलीये. बहुतेक लोक असं वागत नाहीत, ते चर्चेच्या आडोशाला जाऊन बसतात आणि त्यांना वाटतं की आपण तत्त्वज्ञान करतोय म्हणजे आता आपण चांगले होणार, हे म्हणजे डॉक्टरचं सगळं मन लावून ऐकायचं आणि सांगितलेलं एकही औषध घ्यायचं नाही अशा पेशंटसारखं. हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाहीये हो, तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे ते उघड करून बघूया म्हणून सांगतेय. तुम्हाला वाटतंय की आधी पुरेसं वाचेन, पुरेसं समजेल, मग धीर येईल आणि मग मी बोलेन. ज्याच्याकडे शिकायला तुम्ही चाललाय तो नेमका उलटा क्रम सांगतो.

त्या मुलीला फोन करायला इटलीला जाऊन यावं लागत नाही, आणि इटलीला जाऊन आलात म्हणून तो फोन सोपाही होणार नाही.

तर फोन आधी करा. माफी मिळावी म्हणून नको, कारण मग ते ओझं पुन्हा तिच्यावरच पडतं, तिने तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायचं. फोनवर एवढंच सांगा की मी त्या दिवशी पाहिलं होतं, मला माहीत होतं, मी बोलले नाही, ते चुकलं. त्याच्याही आधी एक काम करा, तुम्ही काय पाहिलं, कुठल्या तारखेला, कुठला आकडा काय होता आणि काय झाला, हे आठवतंय तेवढं कागदावर लिहून काढा, अंदाजाने एक शब्दही भरू नका. मग तिला विचारा की हे तुझ्या काही उपयोगाचं आहे का, तू म्हणशील तर मी लेखी द्यायला तयार आहे. कदाचित ती म्हणेल नको, मी आता त्यातून बाहेर पडलेय. कदाचित ती म्हणेल हवंय, नव्या नोकरीत मला अजून त्याबद्दल विचारतात. तसं झालं तर तुमच्या नोकरीला धोका आहे आणि तो खरा धोका आहे, तो लहान करून मी सांगणार नाही. कंपनीत लेखी देण्याआधी कामगार कायदा कळणाऱ्या वकिलाशी एकदा नीट बोलून घ्या. ॲरिस्टॉटलच्या लेखीसुद्धा शूर म्हणजे ज्याला भीतीच वाटत नाही असा माणूस नाही, भ्याडपणा एकीकडे आणि आततायीपणा दुसरीकडे, त्याच्या मधली ती जागा आहे, आणि वकिलाला विचारून पाऊल टाकणं हे त्या मधल्या जागेतच येतं.

आता तुमच्या भावाचा प्रश्न. तुम्ही तो जरा रागाने लिहिलाय असं वाटलं, पण प्रश्न अगदी अस्सल आहे, आणि जुना आहे. प्लेटोचा 'मेनो' नावाचा संवाद सुरूच असा होतो, मेनो येतो आणि नमस्कार-चमत्कार काही न करता थेट विचारतो, सॉक्रेटिस, मला सांग, सद्गुण शिकवता येतो का, की सरावाने येतो, की जन्मतःच असतो? भावाला सांगा की तू मेनोच्या रांगेत आहेस, आणि जमलं तर दोघं मिळून तो वाचा, फार मोठा नाहीये. शिवाय भावाच्या बाजूने आणखी एक भक्कम मुद्दा आहे. ज्या सॉक्रेटिससाठी तुम्ही अथेन्सला जाणार, तो स्वतः अथेन्स सोडून फारसा कुठे गेलाच नाही. प्लेटोच्याच 'क्रिटो' या संवादात हे स्पष्ट येतं, की लढाईवर जावं लागलं तेव्हा आणि एकदा खेळांच्या उत्सवाला, एवढंच काय ते त्याचं बाहेर पडणं. बाजारात, रस्त्यात, जो भेटेल त्याला प्रश्न विचारत त्याचं सगळं काम घरच्या गावातच झालं.

पण दुसरी बाजू पण आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. हेरोडोटस हा जुना ग्रीक इतिहासकार सांगतो की सोलोन, अथेन्सला कायदे करून दिलेला माणूस, दहा वर्षं प्रवासाला निघाला, आणि त्यासाठी जो शब्द आलाय तो 'थेओरिया', म्हणजे बघणं, नीट बघायला म्हणून जाणं. आपण थिअरी म्हणतो तो शब्द यातूनच आला. म्हणजे विचार करणं आणि जाऊन बघणं यांची नाळ त्या भाषेत एकच आहे. प्रवासातून धीर मिळत नाही, पण बघायची सवय मिळू शकते, आणि तुमच्या बाबतीत मला ती महत्त्वाची वाटते, कारण त्या मीटिंगमध्ये तुम्ही खाली बघत होतात.

काय म्हणतेय ते एका ठिकाणावरून सांगते. इटलीतल्या पादुआला स्क्रोवेन्यी चॅपल म्हणजे एक छोटं प्रार्थनाघर आहे, जोत्तो या चित्रकाराने साधारण १३०३ ते १३०५ मध्ये आतून रंगवलेलं. एका वेळी २५ जणांना सोडतात, आधी १५ मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून, आणि मग आत फक्त १५ मिनिटं. मी गेले तेव्हा आत शिरल्या शिरल्या सगळ्यांच्या माना वर, छत गडद निळं आणि त्यावर सोनेरी तारे, माझीही मान वरच, आणि त्यात निम्मा वेळ गेला. मग खाली नजर आली. भिंतींच्या तळाशी, राखाडी रंगात, दगडात कोरल्यासारख्या चौदा आकृत्या आहेत, एका भिंतीवर सात सद्गुण आणि समोरच्या भिंतीवर त्यांच्यासमोर सात दुर्गुण. त्यातली 'मत्सर' ही बाई मला आजही आठवते. कान भलेमोठे, एका हातात पैशाची पिशवी घट्ट धरलेली, दुसरा हात आणखी काहीतरी ओढून घ्यायला पुढे, पायाखाली जाळ, आणि तोंडातून साप बाहेर आलाय, तो पुढे कुणाला चावायला जात नाही, वळसा घालून तिच्याच डोळ्यांकडे येतो. लॅटिनमध्ये मत्सराला 'इन्विडिया' म्हणतात, त्या शब्दातच बघणं आहे, वाईट नजरेने बघणं. मत्सरावर मी बरंच वाचलं होतं तोवर, पण दुसऱ्याचं चांगलं बघताना बिघडतात ते आपलेच डोळे, हे मला त्या सापाने सांगितलं. तिच्यासमोरच्या भिंतीवर 'दया' आहे, ती पैशाच्या पिशव्यांवर उभी आहे, पाय ठेवून. पुस्तकातल्या फोटोत या दोघी वेगवेगळ्या पानांवर येतात, तिथे तुम्ही दोघींच्या मधे उभ्या असता आणि एकीकडे बघायचं तर दुसरीकडे पाठ करावी लागते.

आणि तुमचा तो शेवटचा प्रश्न, पैसे देऊन समाधान विकत घेणं, तो तर त्या इमारतीच्या पायातच आहे. चॅपल बांधून घेणारा एन्रिको स्क्रोवेन्यी पैसेवाला, त्याचा बाप रेजिनाल्दो सावकार, इतका कुप्रसिद्ध की दान्ते या इटालियन कवीने त्याला नरकात नेऊन बसवलंय, त्याच्या 'इन्फेर्नो' म्हणजे नरकावरच्या काव्याच्या सतराव्या सर्गात, गळ्यात पांढरी थैली आणि तिच्यावर त्यांच्या घराण्याची निळी डुकरीण. बापाचं पाप धुवायला मुलाने चॅपल बांधलं असं नेहमी सांगतात, त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण एक गोष्ट भिंतीवर सगळ्यांना दिसते, अंतिम न्यायाच्या चित्रात एन्रिको गुडघे टेकून चॅपलची छोटी प्रतिकृती अर्पण करतोय, आणि तो उद्धार झालेल्यांच्या बाजूला आहे. पैसे त्याचेच, चित्रही त्यानेच काढून घेतलेलं. त्याने समाधान विकत घेतलं का? असेलही. पण त्या पैशातून जे उभं राहिलं ते सातशे वर्षं लोकांना विचार करायला लावतंय हेही खरं. या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर मला देता येत नाही, तुमच्यापुरतं एवढं म्हणेन की ज्या बाईला हा प्रश्न पैसे भरायच्या आधी पडतो ती फसवी खरेदी सहसा करत नाही, फक्त फोनच्या जागी कोर्स बसवू नका.

सिएनाही तुमच्या कोर्समध्ये असेल अशी आशा आहे, नसेल तर एखाद्या शनिवार-रविवारी स्वतः जा. तिथल्या सरकारी वाड्यात, पालात्सो पुब्लिकोमध्ये, शहर चालवणारे नऊ जण ज्या खोलीत बसायचे तिच्या तीन भिंतींवर अम्ब्रोजो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगला कारभार आणि वाईट कारभार रंगवलाय. ते नऊ जण दोन-दोन महिन्यांसाठी यायचे आणि हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून निर्णय घ्यायचे. न्यायदेवतेच्या तराजूतून दोऱ्या खाली येतात, 'एकोपा' नावाची बाई त्या एकत्र धरते, तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, आणि तिथून ती दोरी २४ नागरिकांच्या हातांतून पुढे जाते, सगळे साधे उभे, रांगेने, दोरी धरून. शेजारच्या भिंतीवर जुलूम बसलाय, शिंगं आणि सुळे असलेला, आणि न्यायदेवता त्याच्या पायाशी बांधून टाकलीये. मला सगळ्यात जास्त ते २४ जण आठवतात, कारण त्यातला कुणीच वीर वगैरे वाटत नाही, प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्याची दोरी धरलीये.

आणखी एक गृहीतक, तुम्ही ते बोलून दाखवलं नाही पण ओळीओळीत आहे, की हे जुने थोर लोक होते आणि आपण त्यांच्या पायाशी जाऊन शिकायचं. पायाशी नका बसू, समोर बसा. हाच ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'मध्ये म्हणतो की काही माणसं जन्मतःच गुलाम व्हायला बनलेली असतात. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस त्याच्या वहीत सकाळी स्वतःला बजावतो की आज कृतघ्न, उर्मट माणसं भेटतील, पण ती आपलीच भावंडं आहेत, आणि रोमला पियात्सा कोलोन्नामध्ये त्याच मार्कसच्या लढायांचा स्तंभ उभा आहे, त्यावर जळणारी गावं आहेत, केस धरून ओढलेल्या बायका आहेत, कैद्यांची डोकी उडवतायत. त्याचं ते पुस्तक हातात घेऊन त्या स्तंभाखाली उभं राहून बघा, मला वाटतं कोर्समधला तो सगळ्यात अवघड तास होईल आणि सगळ्यात कामाचा. नेपल्सला कॅराव्हाजो या चित्रकाराचं 'दयेची सात कामं' हे चित्र आहे, १६०७ सालचं, अजूनही ज्या चर्चसाठी काढलं तिथेच टांगलेलं, भुकेल्याला अन्न, कैद्याची भेट, मेलेल्याला माती, सगळं एकाच अंधाऱ्या गल्लीत, आणि ते काढणारा माणूस वर्षभरापूर्वी रोममध्ये एकाचा जीव घेऊन पळून आलेला. ज्या संस्थेने ते काढून घेतलं ती सात तरुणांनी १६०२ मध्ये सुरू केली, गरिबांना मदत करायचं तिचं काम आजही चालू आहे.

झेपेल का, तर झेपेल. भाषांतरातून वाचा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त महत्त्वाचा उतारा असेल तर दोन वेगवेगळी भाषांतरं शेजारी ठेवा. ॲरिस्टॉटलचा 'युडायमोनिया' हा शब्द कुणी सुख म्हणून देतं, कुणी माणूस म्हणून बहरणं असं देतं, आणि सुख म्हटलं की सगळं पुस्तक मनाला कसं वाटतं याबद्दल वाटू लागतं, बहरणं म्हटलं की आपण जगतोय कसं याबद्दल. हा फरक कळायला ग्रीक यावी लागत नाही. सुरुवात 'क्रिटो'पासून करा, तासाभरात वाचून होतो, तुरुंगात पहाटे मित्र येऊन बसलाय, पळून जायची सगळी सोय केलीये, आणि सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस म्हणतो की आधी हे बरोबर आहे का ते बघू. वाचून जर मन लागलं नाही, नुसतं कर्तव्य म्हणून पानं उलटली असं वाटलं, तर १४ आठवडे तसेच जातील, मग नका जाऊ.

कोर्सवाल्यांना पैसे भरायच्या आधी मेल टाका आणि विचारा की एका आठवड्यात किती पानं वाचायची असतात, वर्गात किती जण असतात, चित्रासमोर सलग किती वेळ थांबता आणि तिथे बोलतं कोण, फक्त शिक्षक की मुलंही, शेवटी काय लिहून द्यायचं असतं. १४ आठवड्यांत १५ शहरं असतील तर ती सहल आहे, तिला सहलीइतकेच पैसे द्या. वेळापत्रकात मोकळे दिवस आहेत का तेही बघा, एकाच जागी दुसऱ्यांदा जाता आलं पाहिजे. स्क्रोवेन्यीचं बुकिंग आधी करावं लागतं, ते कोर्स करतो का तुम्ही करायचं हेही विचारून घ्या, आणि जमलं तर लागोपाठ दोन दिवसांची दोन तिकिटं काढा, पहिला दिवस त्या निळ्या छताला जातोच.

व्हिसाचं नीट बघा. १४ आठवडे म्हणजे ९८ दिवस, आणि साध्या शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणजे आठ दिवसांसाठी सगळा प्रकार बदलतो. ग्रीसही शेंगेनमध्येच आहे त्यामुळे ते दोन आठवडे वेगळे धरता येत नाहीत. शिक्षणासाठीचा लांब मुदतीचा इटालियन व्हिसा लागेल, ज्याला डी व्हिसा म्हणतात, आणि पोहोचल्यावर कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याचं पाकीट तिथल्या पोस्टात मिळतं. याला वेळ लागतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. रजा "मिळेल असं वाटतंय" यावर तिकीट काढू नका, लेखी घ्या, आणि त्या मुलीसाठी लेखी द्यायची वेळ आली तर रजेचं काय होईल हेही आधी मनाशी धरून चला.

पैशाबद्दल मी कडक आहे. हे पैसे पुन्हा उभे करायला किती महिने लागतील ते कागदावर मांडा, दोन वर्षांच्या वर जात असेल तर हा कोर्स सोडा आणि तीन आठवड्यांचा स्वतःचा प्रवास आखा, साध्या व्हिसावर. पादुआला जाताना दान्तेचा तो सतरावा सर्ग, सिएनाला ॲरिस्टॉटलचा पाचवा भाग, न्यायावरचा, रोमला मार्कस, अथेन्सला 'क्रिटो', चार जागा आणि चार वाचनं, यापेक्षा जास्त कोंबू नका. अथेन्सच्या अगोराजवळ, म्हणजे जुन्या बाजारचौकाजवळ, एका पडक्या इमारतीचा पाया दाखवतात, बहुधा हाच सॉक्रेटिसचा तुरुंग असावा असं म्हणतात, तिथे मातीच्या छोट्या छोट्या कुप्या सापडल्या होत्या, औषधाच्या असतात तशा, त्या जवळच्याच म्युझियममध्ये आहेत. विषाचा प्याला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी भव्य येतं, या कुप्या बोटभर आहेत.

या आठवड्यात तो कागद लिहा आणि तिला फोन करा, तिने उचलला नाही तर दोन ओळींचा मेसेज टाका आणि थांबा, पुन्हा पुन्हा करू नका. कोर्सवाल्यांना मेल त्यानंतर. त्यांची उत्तरं आली की मला पाठवा, मी वाचून काय वाटतं ते सांगेन.